कुत्र्याचं पोट वारंवार बिघडतंय? औषध वाढवण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

लक्षणं

चार दिवस शी घट्ट, पाचव्या दिवशी पुन्हा पातळ. औषधाचा कोर्स चालू असेपर्यंत सगळं ठीक, तो संपला की आठवड्याभरात परत तेच. सकाळी रिकाम्या पोटी पिवळी, फेसाळ ओकारी. पोटातली गुडगुड शेजारच्या खोलीत ऐकू येते. बाहेर नेलं की अधाशासारखं गवत खातो. उगाचच ओठ चाटत बसतो, तोंडात काही नसताना घोट गिळतो (ही मळमळ असते आणि बऱ्याच जणांच्या ती लक्षातच येत नाही). एक जेवण हुंगून सोडून देतो, पुढचं मात्र चाटूनपुसून लख्ख करतो. कधी पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून ताणून उभा राहतो. खेळायला बोलावतानाही कुत्रे असंच करतात, पण तो त्याच अवस्थेत थिजल्यासारखा राहिला तर पोट दुखतंय असं समजा. आणि या सगळ्यात वजन हळूहळू उतरत जातं, जे रोज पाहणाऱ्याला दिसत नाही.

यातलं काही ना काही तीन आठवड्यांहून जास्त काळ चालू असेल, किंवा जाऊन-येऊन असेल, तर डॉक्टर त्याला आतड्यांचा जुनाट आजार म्हणतात. रिपोर्टवर ‘क्रॉनिक एन्टेरोपॅथी’ किंवा ‘आयबीडी’ असं लिहिलेलं दिसेल.

माझ्या घरात असे कुत्रे कायम असतात. काही माझे, काही ‘पोट नाजूक आहे’ एवढ्याच माहितीवर माझ्याकडे येऊन पडलेले. त्यांचं सगळं करताना एक गोष्ट वारंवार दिसली आहे: निदान झालेला, औषधं चालू असलेला कुत्रा पुन्हा बिघडतो तेव्हा आजार वाढलेला असतोच असं नाही. बऱ्याचदा खाण्यात किंवा औषध देण्यात कुठेतरी गळती असते. ती न शोधता गोळीची मात्रा वाढवली की दुष्परिणाम वाढतात आणि शी पातळच राहते. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो. वरची पायरी गाळून खालच्या पायरीवर उडी मारू नका, पुढचा भाग आणि जिथे मी स्वतः तसं सांगितलंय त्या जागा एवढाच त्याला अपवाद आहे.

यातलं काही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका

पोट फुगलंय आणि कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण काहीच बाहेर पडत नाही: जठराला पीळ पडलेला असू शकतो, ताबडतोब निघा. शी डांबरासारखी काळी आहे, किंवा शीपेक्षा रक्तच जास्त आहे. पाणीसुद्धा पोटात टिकत नाही. हिरड्या पांढुरक्या किंवा बोटाला चिकट लागतात. बोटाने दाबलेली हिरडी पुन्हा गुलाबी व्हायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. उभं राहवत नाही, थरथरतो, कोसळतो. पोट पाण्याने भरल्यासारखं लोंबतंय, पाय सुजलेत किंवा श्वास जोरात चाललाय. पिल्लू असेल, फार म्हातारा असेल, किंवा मधुमेहासारखा दुसरा आजार असेल तर एका दिवसाचे जुलाबही घरी काढू नका.

माणसांच्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड अनेकांना निरुपद्रवी वाटतं, पण कोली आणि त्यांच्या जवळच्या जातींमध्ये एका जनुकीय दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोचतं.

तपासणी १: बिघाड कुठल्या आतड्याचा आहे

खर्च शून्य. फक्त खाली वाकून बघावं लागतं.

शी प्रत्येक वेळी भरपूर होते, दिवसातून दोन-चार वेळा, सोबत ओकारी किंवा वजन कमी होणं असेल तर रोख लहान आतड्याकडे. थोडी थोडी पण सारखी होते, बाहेर पोचेपर्यंत दम निघत नाही, शेवटी कुंथत बसतो, शीवर शेंबडासारखा चिकट थर किंवा ताज्या लाल रक्ताचे थेंब असतात आणि वजन मात्र टिकून आहे, तर मोठं आतडं. दोन्ही मिसळूनही असतं.

याने पुढचा सगळा रस्ता बदलतो. अन्नातलं सत्त्व शोषलं जातं ते लहान आतड्यात, त्यामुळे तिथल्या बिघाडात चरबीचं प्रमाण, बी-१२ जीवनसत्त्व आणि रक्तातली प्रथिनं बघावी लागतात. मोठ्या आतड्याच्या बिघाडात बरेचदा तंतूंनीच (फायबर) फरक पडतो: भिजवलेलं इसबगोल, किंवा तंतू जास्त असलेलं डॉक्टरी खाणं. आणि कुंथणाऱ्या कुत्र्याला बद्धकोष्ठ झालंय असं समजून रेचक देणारे लोक मी पाहिलेत. मोठं आतडं सुजलेलं असताना ते आगीत तेल ओतणं आहे.

बॉक्सर किंवा फ्रेंच बुलडॉग असेल आणि शीमधून रक्त-आव सतत पडत असेल, तर घरी प्रयोग न करता थेट डॉक्टरांना सांगा. या जातींमध्ये मोठ्या आतड्याच्या भिंतीत ई. कोलाय जंतू घुसून बसण्याचा एक वेगळा आजार असतो. त्याला स्टिरॉइड (सूज दाबणारं औषध) नव्हे, तर कल्चर (जंतू प्रयोगशाळेत वाढवून तपासणं) करून निवडलेलं अँटिबायोटिक लागतं.

तपासणी २: वही

आठवडाभर रोज लिहा. शीला १ ते ७ अशी श्रेणी द्या: १ म्हणजे सुकी, खड्यांसारखी; २ म्हणजे आकार धरलेली आणि उचलली की जमिनीवर डाग न ठेवणारी; ७ म्हणजे निव्वळ पाणी. २ आणि ३ चांगले. सोबत किती वाजता, रक्त किंवा आव आहे का, ओकारी झाली तर ती जेवणानंतर किती वेळाने आणि तिच्यात काय होतं (न पचलेलं अन्न, पिवळं पित्त की नुसता फेस), आणि तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट. फोटो काढायला लाजू नका. ‘जरा पातळ होती’ हे चार माणसांना चार प्रकारे समजतं, फोटो सगळ्यांना एकच दिसतो.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, खाण्याआधी. मोठा कुत्रा काट्यावर उभा राहत नसेल तर त्याला उचलून घेऊन स्वतःचं वजन वजा करा. महिन्याभरात पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर पुढच्या घरगुती पायऱ्या करत वेळ घालवू नका, सरळ तपासणी ६ वर जा.

वहीचा खरा उपयोग तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कळायला लागतो. ‘काही कारण नसताना’ बिघडलेलं पोट बहुतेक वेळा आदल्या दिवशीच्या एखाद्या ओळीखाली सापडतं. दर सोमवारी बिघडत असेल तर रविवारी घरी कोण येतं ते बघा.

तपासणी ३: तोंडात नेमकं काय जातंय

माझ्या हिशोबात सगळ्यात जास्त बिघाड इथे निघतात, म्हणून या पायरीला घाई करू नका.

डॉक्टरांनी हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाणं दिलं असेल तर त्यामागचं गणित असं: प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षण यंत्रणा ते ओळखून खवळत नाही. ‘नवीन प्रथिन’ या पद्धतीत कुत्र्याने आयुष्यात कधीच न खाल्लेलं मांस निवडतात. दोन्हीचा पाया एकच आहे, जुनं प्रथिन पूर्ण बंद. ‘पूर्ण’ म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही, कारण संरक्षण यंत्रणा वजन करून ठरवत नाही. त्यामुळे ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य घरातून हद्दपार करावं लागतं, आणि ते म्हणणारी व्यक्ती बहुधा घरातली सर्वांत ज्येष्ठ असते.

या जागा तपासा:

- चवीच्या गोळ्या. गोचीड-पिसवांची चघळायची गोळी, जंताची गोळी, सांध्यांचं सप्लिमेंट. कुत्रा जी गोळी खाऊ समजून आनंदाने खातो, तिच्यात गोमांस, डुक्कर किंवा चिकन यांचा अंश असण्याची दाट शक्यता. वेष्टन डोळ्यांजवळ धरून घटकांची बारीक यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘फ्लेवर’ किंवा ‘लिव्हर पावडर’ दिसलं की डॉक्टरांकडून बिनचवीचा पर्याय मागा.
- गोळी ज्यात गुंडाळता ते. चीज, लोणी, मांसाचा तुकडा. रोज दोन वेळा गोळी म्हणजे रोज दोन वेळा पथ्यभंग. त्याच पथ्याचं डबाबंद ओलं खाणं मिळतं, त्याची बारीक गोळी करून त्यात औषध लपवा.
- कुत्र्याची टूथपेस्ट, चघळायची हाडं, कातडीच्या कांड्या.
- जिलेटिनचं कॅप्सूल (जिलेटिन प्राण्यांपासूनच बनतं). पथ्य अगदी कडक असेल तर भुकटी बाहेर काढून देता येते का ते डॉक्टरांना विचारा. सगळी कॅप्सूल उघडून चालत नाहीत.
- घरातल्या दुसऱ्या प्राण्याचं भांडं, आणि मांजर असेल तर तिची मातीची पेटीसुद्धा.
- लहान मुलाच्या खुर्चीखालची जमीन.
- फिरायला नेल्यावर जमिनीवरून उचललेलं. दोन आठवडे आखूड दोरी, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर जाळीचं मुसकं.

स्टिरॉइड चालू असलेल्या कुत्र्यात याला एक वेगळाच पदर असतो. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने भूक प्रचंड वाढते. आतापर्यंत कचऱ्याच्या डब्याकडे ढुंकूनही न पाहणारा कुत्रा तो उघडायला शिकतो. मग पोट बिघडतं, आपल्याला वाटतं आजार उसळला, स्टिरॉइड वाढतं, भूक आणखी वाढते. हे चक्र तोडायला झाकणाला कडी पुरते.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही कोणत्याच कुत्र्याला चालत नाही. बाजारातल्या तयार सूपमध्ये आणि बाळांच्या खाण्यात कांद्याची भुकटी असू शकते, आजारी कुत्र्याला ‘हलकं काहीतरी’ म्हणून तेच पाजलं जातं.

तपासणी ४: औषध पोटात जातंय का, आणि योग्य वेळी जातंय का

आधी सोफ्यामागे बघा. गोळी गालात धरून नंतर थुंकण्यात काही कुत्रे अत्यंत तरबेज असतात. गोळी दिल्यावर थोडं पाणी किंवा पथ्याचा घास द्या आणि नाक चाटेपर्यंत थांबा. नाक चाटलं की बहुधा गिळलं.

मग वेळा. ओमेप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारं) रिकाम्या पोटी, जेवणाआधी साधारण अर्धा तास. जेवणासोबत दिलं तर काम अर्धवट होतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त चालू असेल तर ते एकदम बंद करू नये, आम्ल उसळून येतं आणि आपल्याला वाटतं जुनं दुखणं परतलं. सुक्रालफेट जठराच्या आतल्या बाजूला थर देतं आणि सोबतची औषधंही अडवतं, म्हणून ते रिकाम्या पोटी आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. प्रेडनिसोलोन जेवणासोबत. प्रोबायोटिक आणि अँटिबायोटिक एकत्र दिलं तर प्रोबायोटिकमधले जंतू मरण्याचीच शक्यता जास्त, दोघांत काही तासांचं अंतर ठेवा.

स्वादुपिंड पुरेसे पाचक रस बनवत नसेल (स्वादुपिंडाची कमतरता) आणि त्यासाठी एन्झाइमची भुकटी चालू असेल तर ती प्रत्येक जेवणात, खाऊच्या तुकड्यातसुद्धा. ओल्या अन्नात नीट कालवा. कोरडी भुकटी तोंडात राहिली तर हिरड्या आणि जीभ सोलवटतात.

स्टिरॉइडबद्दल दोन गोष्टी अगदी स्पष्ट. एक, ते मनाने थांबवायचं नाही. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं कमी करतं, आणि एकदम तोडलं तर कुत्रा कोसळू शकतो. मात्रा डॉक्टर सांगतील तशीच, सहसा दर दोन-तीन आठवड्यांनी एक टप्पा अशी उतरते. दोन, ते चालू असताना मेलॉक्झिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखं वेदनाशामक द्यायचं नाही. दोन्ही एकत्र गेली तर जठरात व्रण पडतात, भोकही पडू शकतं. लंगडणाऱ्या कुत्र्याला दुसऱ्या दवाखान्यात नेलं आणि चालू औषधं सांगायची राहिली, की नेमकं हेच होतं.

आणि मेट्रोनिडाझोल, जुलाबांवर दिलं जाणारं अँटिबायोटिक. दर वेळी तीच उरलेली पट्टी काढून देण्याची सवय अनेक घरांत असते, कारण दोन दिवसांत शी घट्ट होते. साधे जुलाब त्याशिवायही बहुतेक वेळा तेवढ्याच दिवसांत थांबतात. उलट या औषधाने आतड्यातल्या चांगल्या जंतूंची घडी विस्कटते आणि ती परत बसायला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणजे पुढच्या बिघाडाची तयारी आपणच करून ठेवतो. मात्रा जास्त झाली किंवा फार दिवस दिलं तर तोल जाणं, डोळे भिरभिरणं अशी मेंदूची लक्षणं दिसतात. तसं दिसलं तर पुढची गोळी देऊ नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

तपासणी ५: किती, केव्हा आणि किती चरबीचं

नुसतं जास्त खाऊ घातल्यानेही शी सैल होते. विश्रांतीच्या अवस्थेतली गरज काढायची रीत: किलोतल्या वजनाचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा, आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. १० किलोच्या कुत्र्याला १०००, मग ३१.६, मग ५.६२, आणि शेवटी सुमारे ३९४ किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला साधारण याच्या दीडपट ते थोडं जास्त लागतं. कप भरून घालू नका, काट्यावर मोजा. कपातलं माप हाताप्रमाणे बदलतं.

चरबीचा आकडा वाचताना फसगत होते. ओल्या डब्यावर चरबी ५ टक्के लिहिलेली, कोरड्या खाण्याच्या पिशवीवर १२ टक्के. कमी चरबीचं कोणतं? ओल्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ भागांत ५ भाग चरबी, म्हणजे जवळपास २३ टक्के. कोरड्यात पाणी १० टक्के धरलं तर ९० भागांत १२, म्हणजे १३ टक्क्यांच्या आसपास. पाणी वजा केल्याशिवाय तुलना करूच नका. लहान आतड्याच्या बिघाडात, स्वादुपिंडाच्या सुजेत आणि आतड्यातल्या लसिकावाहिन्या (चरबी वाहून नेणाऱ्या नळ्या) फुगण्याच्या आजारात (यॉर्कशायर टेरियरमध्ये तो जास्त दिसतो) या आकड्यावर बरंच काही अवलंबून असतं.

पहाटेची पिवळी ओकारी एकटीच असेल, बाकी शी आणि वजन उत्तम, तर रात्रीचं अंतर फार पडतंय का बघा. रोजच्याच खाण्यातला थोडा भाग बाजूला ठेवून झोपण्याआधी द्या. बऱ्याच कुत्र्यांची ओकारी तेवढ्यानेच थांबते. दिवसाचं खाणं तीन-चार भागांत वाटलं तरी जुनाट पोटाला सोपं जातं.

खाणं बदलताना सात ते दहा दिवस हळूहळू मिसळत न्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. खाणं, प्रोबायोटिक आणि गोळी एकाच आठवड्यात बदलली आणि कुत्रा सुधारला, तर कशाने सुधारला हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि मग तिन्ही जन्मभर चालू राहतात.

तपासणी ६: शीची तपासणी

इथून खिशाला हात घालावा लागतो, तरी ही सगळ्यात स्वस्त तपासणी. ‘परवाच जंताचं औषध दिलंय’ म्हणून ती टाळू नका. जिआर्डिया हा जंत नव्हे, एकपेशीय परजीवी आहे आणि जंताची नेहमीची एकच गोळी त्याला पुरत नाही. तो रोज शीमधून बाहेर पडतोच असंही नाही, म्हणून एक नमुना निर्दोष आला तरी तेवढ्यावर सोडू नका. एकाआड एक दिवस असे तीन ताजे नमुने द्या, सोबत जिआर्डियाची अँटिजेन चाचणी करता येते का विचारा. व्हिपवर्म हा मोठ्या आतड्यातला जंत तर पोटात शिरल्यापासून अंडी दिसायला जवळजवळ तीन महिने घेतो, आणि त्याची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. त्यामुळे अनेक डॉक्टर नमुना काहीही म्हणो, फेनबेंडाझोल या जंतनाशकाचा तीन ते पाच दिवसांचा कोर्स एकदा देऊनच टाकतात. मला ते पटतं.

जिआर्डिया निघाला तर औषधाच्या शेवटच्या दिवशी कुत्र्याला आंघोळ घाला, विशेषतः मागच्या भागाला. केसांना चिकटलेले कोष चाटून तो स्वतःलाच पुन्हा बाधा करून घेतो. शी लगेच उचला, भांडी उकळत्या पाण्याने धुवा. लक्षणं गेल्यावरही अँटिजेन चाचणी काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. कुत्रा ठणठणीत असेल तर नुसत्या त्या कागदापायी पुन्हा औषध सुरू करू नका.

तपासणी ७: पथ्याची परीक्षा, या वेळी नीट

वरच्या सगळ्यातून काही निघालं नाही, कुत्रा खातोय-पितोय, वजन टिकून आहे, तर डॉक्टरांशी बोलून पथ्य पुन्हा पहिल्यापासून करा. आतड्यांच्या जुनाट आजारातले निम्म्याहून अधिक कुत्रे नुसत्या खाणं बदलण्याने सुधारतात. मला सगळ्यात आशा याच पायरीची वाटते. त्वचेच्या ॲलर्जीसाठी आठ आठवडे थांबावं लागतं, पोटाचं तसं नाही: फरक पडणार असेल तर बहुधा दोन आठवड्यांत दिसतो. दोन आठवडे काटेकोर पाळूनही तसूभर हललं नाही, तर तेच खाणं सहा महिने रेटण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रकारचं खाणं करून बघा. एक हायड्रोलाइज्ड चाललं नाही म्हणून दुसरं किंवा कमी चरबीचं चालणार नाही असं नसतं.

दुकानातली ‘एकाच मांसाचं’ असं छापलेली साधी पिशवी या परीक्षेला वापरू नका. एकाच यंत्रावर अनेक प्रकार बनतात आणि दुसऱ्या मांसाचा अंश मिसळतो.

घरी शिजवलेलं चिकन-भात चार दिवसांच्या बिघाडाला ठीक, महिनोन्‌महिने नाही. त्यात कॅल्शियम तर जवळजवळ नसतंच, शिवाय जस्त, तांबं, काही जीवनसत्त्वं अपुरी पडतात. घरचंच द्यायचं असेल तर प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहिलेली कृती घ्या आणि त्यातला एकही घटक मनाने गाळू नका. शिवाय ज्याचा संशय आहे तेच चिकन असेल, तर ‘हलकं पथ्य’ म्हणून आपण संशयितालाच ताटात वाढतोय.

तपासणी ८: रक्त

इथून पुढे घरचं काम संपलं. पण कोणती तपासणी कशासाठी हे माहीत असेल तर डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं.

आधी हे: शक्य असेल तर स्टिरॉइड सुरू करण्याआधी रक्त द्या. ॲडिसन नावाच्या आजारात अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांजवळच्या) पुरेसं कॉर्टिसोल बनवत नाहीत, आणि तो हुबेहूब जुनाट पोटदुखीसारखा वागतो. मधूनमधून जुलाब-ओकारी, प्रवास किंवा पाहुण्यांच्या गडबडीत बिघडणं, सलाइन लावलं की जादू झाल्यासारखं बरं वाटणं. कॉर्टिसोलचा साधा आकडा २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आला तर ॲडिसनची शक्यता फारच कमी. खाली आला तर पुढची एसीटीएच चाचणी लागते. प्रेडनिसोलोन आधीच पोटात गेलं असेल तर या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

टीएलआय ही स्वादुपिंडाच्या कमतरतेची चाचणी, बारा तास उपाशी ठेवून. कुत्रा दिवसभर भुकेला, शी ढीगभर, फिकट, तेलकट, स्वतःची शी खायला धावतो आणि तरी हाडं दिसतायत, विशेषतः जर्मन शेफर्ड असेल, तर ही पहिली मागा. यावर उपाय एन्झाइमचा आहे, पथ्य बदलत बसून तो सुटत नाही.

बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. ते कमी असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही कुत्रा सुधारत नाही. सहा आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन, किंवा रोजची गोळी. ‘औषध लागू पडत नाही’ अशा किती तरी तक्रारींच्या मुळाशी हे एवढंच निघतं.

अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) २ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर बहुधा आतड्यातून प्रथिनं गळतायत. पोटात-छातीत पाणी साचण्याचा आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. हा आकडा दिसला की थांबून बघण्याचा काळ संपला, त्याच आठवड्यात तज्ज्ञ गाठा.

त्यापुढे: सोनोग्राफी, एंडोस्कोपी, स्टिरॉइड

सोनोग्राफीत आतड्याच्या भिंतीची जाडी, गाठी, अडकलेली वस्तू दिसते. सूज कोणत्या प्रकारची आहे ते बायॉप्सीशिवाय (एंडोस्कोपीच्या दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं) कळत नाही. बायॉप्सीच्या आधी स्टिरॉइड दिलं तर आतड्याचा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) काही काळ दबून राहतो आणि तुकड्यात नीट दिसत नाही, म्हणून म्हातारा कुत्रा, झपाट्याने उतरलेलं वजन किंवा हाताला लागणारी गाठ असेल तर ‘आधी स्टिरॉइड देऊन बघू’ या सूचनेवर एकदा तरी प्रश्न विचारा. उलट कुत्रा भूल सोसण्याच्या अवस्थेत नसेल, तर बायॉप्सी न करता औषध सुरू करण्याचा डॉक्टरांचा निर्णयही रास्त असू शकतो. हा तोल त्यांनीच सांभाळायचा.

स्टिरॉइड लागलंच तर पाणी पिणं, लघवी, धाप आणि भूक वाढणार हे धरून चाला. मांड्यांचे स्नायू उतरायला लागले, किंवा मात्रा एका ठरावीक आकड्याखाली नेली की दर वेळी शी पातळ होते असं वहीत दिसलं, तर तो आकडा डॉक्टरांना सांगा. सायक्लोस्पोरिनसारखं दुसरं औषध जोडून स्टिरॉइड कमी करता येतं. मात्रा उतरवत असताना पथ्यात ढील देऊ नका. एक तरी गोष्ट स्थिर हवी.

डॉक्टरांकडे जाताना वही, वजनांची यादी आणि शीचे फोटो न्या. खाण्याच्या पिशवीच्या, घटकांची यादी असलेल्या बाजूचा फोटो घ्या, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी मूळ वेष्टनासकट न्या, सप्लिमेंट आणि गोचिडीचं औषध धरून. शीचा नमुना ताजा, स्वच्छ डबीत, अक्रोडाएवढा पुरतो. रक्त द्यायचं असेल तर रात्रीपासून उपाशी ठेवायचं का, सकाळची गोळी द्यायची का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.